चालायचा चष्मा वेगळा, वाचायचा वेगळा



मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासण्याचं काम करते. आज चष्म्याबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात पायांपासून करू. ज्यांच्या पायांना नीट कळत नाही, त्यांच्यासाठी चष्मा ही फक्त वाचायची वस्तू नाही. त्यांचा तोल त्या चष्म्यावर असतो. ही गोष्ट चष्मा घेताना फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी जरा आठवून बघा. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी कोणी आहे का, जिची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि तिला पत्ताच नसतो? मागून नातू ओरडतो, ‘आज्जे, चप्पल राहिली की मागं!’ तेव्हा कळतं. कोणी म्हणतं, फरशीवर चालले तरी गादीवर चालल्यासारखं वाटतं. कोणाच्या तळपायांची रात्री आग होते, मुंग्या येतात. कोणाला काटा रुतलेला कळत नाही, रक्त दिसलं की मग कळतं. आपण म्हणतो, वय झालं. पण बऱ्याचदा हे पायाच्या नसा कमजोर झाल्याचं लक्षण असतं. डॉक्टर त्याला न्यूरोपॅथी म्हणतात.

याचं एक मोठं कारण म्हणजे मधुमेह, आपण ज्याला साखर म्हणतो तो. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा हळूहळू मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. दुसरं कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. माळकरी घरातल्या, मांस-मच्छी-अंडी न खाणाऱ्या आणि दूधदुभतंही ताटात फार न येणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकतं. म्हणून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून रक्त तपासायचं. अति दारू, क्षयरोगाची किंवा कॅन्सरची काही औषधं यांनीही नसांना त्रास होतो. आणि अंगावर फिकट किंवा लालसर, न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि वेळेत घेतले तर आजार पूर्ण बरा होतो.

आता तोलाकडे येऊ. आपला तोल तीन दगडांच्या चुलीसारखा आहे. पहिला दगड डोळे: जमीन कुठे आहे, खड्डा कुठे आहे ते बघतात. दुसरा दगड कानाच्या आतला भाग: डोकं कुठे झुकलं, कुठे वळलं ते सांगतो. तिसरा दगड म्हणजे तळपाय, घोटे आणि पायाचे सांधे: पाय कुठे टेकला, जमीन उताराची आहे की सपाट, खडी आहे की चिखल, ही खबर मेंदूला देतात. धडधाकट माणसाच्या तळपायांना हे न बघता कळतं. म्हणून तर आपण डोक्यावर हंडा घेऊन, शेजारणीशी बोलत, बांधावरून चालत येतो.

पाय बधिर झाले की हा तिसरा दगड खचतो. भांडं लगेच पडत नाही, पण त्याचा भार उरलेल्या दोघांवर येतो. आणि त्यातला बराचसा डोळ्यांवर.

हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बर्लिन शहरात रोम्बर्ग नावाचे डॉक्टर होते. त्यांनी नसांच्या आजाराच्या रुग्णांबद्दल लिहून ठेवलं, की डोळे उघडे असताना ही माणसं उभी राहतात, पण डोळे मिटले की डोलायला लागतात. अजूनही डॉक्टर रुग्णाला पाय जुळवून उभं करतात, डोळे मिटायला सांगतात आणि शेजारी धरायला उभे राहतात. त्या तपासणीला रोम्बर्गचंच नाव आहे. ही तपासणी घरी एकटीने करून बघू नका, पडाल.

आणि खरं सांगायचं तर ही तपासणी आपल्या न्हाणीघरात रोज होतच असते. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि तोल गेला. केसांवरून पाणी घेतलं, डोळे मिटले आणि भिंत धरावी लागली. असं होत असेल तर ती फक्त चक्कर समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना हेच शब्द सांगा: ‘डोळे मिटले की तोल जातो.’ त्यांना त्यावरून खूप काही कळतं.

तर मैत्रिणींनो, ज्यांचे पाय बधिर आहेत त्या डोळ्यांनी चालतात. मग त्या डोळ्यांपुढे कोणती काच आहे, हा साधा प्रश्न राहत नाही.

चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. सुईत दोरा जात नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत, पासबुकावरचे आकडे पुसट होतात. म्हणूनच आपल्याकडे जवळच्या चष्म्याला चाळिशी हेच नाव पडलं. हा चष्मा फक्त जवळचं दाखवण्यासाठी बनवलेला असतो. तुमचा लांबचा नंबर काही नसेल आणि चाळिशीचा नंबर अडीच असेल, तर त्या काचेतून साधारण ४० सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. म्हणजे दोन वितींच्या आतलं. मांडीवरचं सूप, हातातला मोबाईल, शिलाई मशीनची सुई हे सगळं तेवढ्याच अंतरावर असतं.

आता उभ्या राहा. पाच फूट उंचीच्या बाईच्या डोळ्यांपासून तिच्या पावलांपर्यंतचं अंतर सहा विती तरी भरतं. दोन पावलं पुढची जमीन त्याहून लांब. दोन वितींसाठी बनवलेल्या काचेतून सहा-सात वितींवरची जमीन पुसट आणि जरा मोठी दिसणार. उंबरा आहे की फरशीचा पट्टा, पायरी आहे की सावली, हे ओळखू येत नाही. बाजारात टोपलीत मिळणारी तयार चाळिशी नाकावर ठेवून अंगणात उतरणाऱ्या बायका मी रोज बघते. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांचे पाय त्यांना सांभाळून घेतात. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना कोणी सांभाळत नाही.

मग दुहेरी चष्मा, म्हणजे बायफोकल. एकाच काचेत वर लांबचा नंबर आणि खाली जवळच्या नंबराची चकती. दुकानात बसणाऱ्या बाईला तो फार सोयीचा: समोरचं गिऱ्हाईकही दिसतं आणि वहीसुद्धा. पण चालताना अडचण कुठे येते? जमीन खाली असते, आणि चष्म्याचा खालचा भाग जवळच्या नंबराचा असतो. म्हणजे पाय टाकायची जागा नेमकी त्या दोन वितींच्या काचेतून दिसते. शिवाय नजर वरच्या काचेतून खालच्या चकतीत जाते तिथे पायरीची कड एकदम जागा बदलल्यासारखी वाटते. एसटीतून उतरताना शेवटची पायरी उंच असते, मागून लोक घाई करत असतात, हातात पिशवी असते, आणि पायरीची कड तिथे दिसते जिथे ती नसते. देवळाच्या पायऱ्या, घाटाच्या पायऱ्या, गच्चीचा जिना, सगळीकडे हाच प्रकार.

काही जणींकडे प्रोग्रेसिव्ह चष्मा असतो, बिनरेघेचा. त्यात मध्ये रेघ दिसत नाही, पण खाली जवळचाच नंबर असतो. शिवाय काचेच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना चित्र वाकडं दिसतं, त्यामुळे मान न वळवता बाजूला बघितलं तर जमीन तरंगल्यासारखी वाटते.

याचा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात झाला. तिथल्या संशोधकांनी ६३ ते ९० वर्षं वयाच्या १५६ माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं. २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. बायफोकल किंवा तशा प्रकारचा चष्मा लावणाऱ्यांची पडण्याची शक्यता साधा चष्मा लावणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. घराबाहेर आणि जिन्यावर तोल जाण्याचा धोका विशेष जास्त. ही सगळी माणसं वयस्कर होती, सगळ्यांचे पाय बधिर होते असं नाही. पण ज्यांचे पाय त्यांना मदत करतात त्यांची ही गत, तर ज्यांचे पाय मदत करत नाहीत त्यांनी किती जपायला हवं, याचा तुम्हीच विचार करा.

मग करायचं काय? उपाय साधा आहे: दोन चष्मे. एक चालायचा, ज्याच्या सगळ्या काचेत फक्त लांबचा नंबर. दुसरा बसून करायच्या कामाचा. लांबचा नंबर नसेल तर चालताना चष्माच नको, चाळिशी काढून गळ्यात दोरीला अडकवायची. ‘एकाच्या जागी दोन म्हणजे खर्च’ असं तुम्ही म्हणाल. पण साध्या एका नंबराच्या काचा बायफोकल आणि प्रोग्रेसिव्हपेक्षा सहसा स्वस्त असतात. आणि जुनी फ्रेम चांगली असेल तर तिच्यात काचा बसवून मिळतात.

खर्चाची गोष्ट निघाली आहे तर हेही बोलू. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन, महिनोन्‌महिने अंथरूण, घरातल्या एका सुनेची किंवा लेकीची मजुरी बुडते. आणि बऱ्या झालेल्या कितीतरी बायका पुन्हा एकट्या घराबाहेर पडायला धजत नाहीत. देऊळ सुटतं, भजन सुटतं, गटाची बैठक सुटते. बाई घरात कोंडली जाते. एका चष्म्याने हे सगळं टळेल असं मी म्हणणार नाही. पण जे आपल्या हातात आहे ते तरी करावं.

आता एक सावधगिरी. मी सांगितलं म्हणून उद्या सगळ्यांनी बायफोकल फेकून देऊ नका. सिडनीच्याच संशोधकांनी पुढे ६०६ वयस्कर माणसांचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. बायफोकलसारखे चष्मे लावणाऱ्या या माणसांपैकी निम्म्यांना बाहेर चालण्यासाठी वेगळा, फक्त लांबचा चष्मा दिला. जी माणसं नियमित घराबाहेर ये-जा करत होती, त्यांच्यात तोल जाऊन पडण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. पण जी माणसं बहुतेक घरातच असायची, क्वचितच बाहेर जायची, ती मात्र बाहेर गेल्यावर उलट जास्त पडली. म्हणजे ज्या आज्जी घरातच असतात, वर्षानुवर्षं बायफोकलची सवय आहे, त्यांचा चष्मा हट्टाने बदलू नका. ज्या शेतात, बाजारात, दवाखान्यात, वारीला जातात, त्यांना वेगळा चालायचा चष्मा उपयोगी.

दुसरी सावधगिरी नवीन चष्म्याची. २००७ साली सिडनीहूनच आणखी एक अभ्यास आला. ७० वर्षांपुढच्या अशक्त माणसांची नजर तपासून गरज असेल त्यांना नवे चष्मे वगैरे दिले. पडणं कमी होईल असं वाटलं होतं, पण वाढलं. नंबर एकदम खूप बदलला की जमीन जवळ किंवा लांब आल्यासारखी वाटते आणि पाय चुकतात, हे त्यामागचं एक कारण असावं असं त्या संशोधकांना वाटलं. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा नंबर बदलताना आमच्यासारख्या तपासणाऱ्यांना आवर्जून सांगा, ‘पाय बधिर आहेत, तोल जातो.’ मग शक्य असेल तिथे नंबर थोडा-थोडा बदलता येतो. आणि नवा चष्मा आला की पहिले काही दिवस तो घरात, ओळखीच्या जागी, उजेडात वापरा. पहिल्याच दिवशी तो लावून एसटीने माहेरी जाऊ नका.

साखर असलेल्यांसाठी आणखी एक. साखर खूप वर-खाली होत असेल तर डोळ्यांचा नंबरही तात्पुरता बदलतो. त्या दिवसांत काढलेला नंबर पुढे जुळत नाही, आणि चष्मा बिघडला असं वाटतं. साखर काही आठवडे ताब्यात राहिली की मग नंबर काढा. आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची तपासणी करून घ्या. पडदा आतून खराब होत असला तरी सुरुवातीला दुखत नाही आणि नजरही कमी होत नाही. नजर चांगली आहे म्हणून ही तपासणी टाळायची नसते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मावश्यांनीही ऐका. बहुतेकींच्या डोळ्यात बसवलेलं भिंग लांबचं दिसेल असं निवडलेलं असतं. जवळच्या कामाला वेगळा चष्मा मिळतो. कितीतरी जणी समजतात, ऑपरेशनचा चष्मा आहे, तो दिवसभर लावायचा. तर आपल्या चष्म्याचं विचारून घ्या: ‘हा चालताना लावायचा की फक्त वाचताना?’ एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं, अंतर चुकतं. दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत पायऱ्यांवर जास्त जपा.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचांबद्दल थोडंसं. भर उन्हातून घरात आलं की त्या लगेच पांढऱ्या होत नाहीत, काही मिनिटं जातात. तेवढ्यात उंबरा येतो. दारात जरा थांबा, चौकट धरा, मग आत पाऊल टाका.

चष्म्याबरोबर घरातही थोडे बदल करा. डोळे कामाला लावलेत तर त्यांना बघायला काहीतरी ठळक द्या. पायऱ्यांच्या कडेला आणि उंबऱ्याला जमिनीच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा पट्टा ओढा. काळ्या दगडाला चुना किंवा पांढरा ऑइल पेंट, पांढऱ्या फरशीला लाल किंवा गडद निळा. न्हाणीघरात पाटावर किंवा स्टुलावर बसून आंघोळ करा आणि तोंडाला साबण लावताना एक हात भिंतीला ठेवा. रात्री उशाशी बॅटरी हवी, कारण अंधारात डोळ्यांचा दगडही खचतो आणि बधिर पायाच्या बाईला फक्त एक दगड उरतो. चप्पल मागून पट्टा असलेली घ्या. हातात काठी घ्यायची लाज वाटून घेऊ नका. काठी जमिनीला टेकते तेव्हा जमिनीची खबर हाताला मिळते, जी पाय देत नाहीत. आणि पाय रोज रात्री बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला, नातीला बघायला सांगा.

आता पुढच्या बैठकीसाठी गटाला दोन कामं देते. दहा-पंधरा मिनिटांत होतील.

पहिलं काम, पायांचं. ही पद्धत इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढली, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. एकीने चप्पल काढून पाय लांब करून बसायचं किंवा आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. दुसरीने आपल्या तर्जनीच्या टोकाने तिच्या पायाच्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करायचा. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची, म्हणजे एकूण सहा ठिकाणी. दाबायचं नाही, चोळायचं नाही, टिचकी मारायची नाही, एका ठिकाणी एकदाच. स्पर्श कळला की तिने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर घाबरायचं नाही, पण आशाताईंना सांगून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि साखर तपासायची.

दुसरं काम, चष्म्याचं. प्रत्येकीने आपला चष्मा घेऊन यायचा. जमिनीवर एक दोरी सरळ ठेवायची, तिच्यापासून दोन पावलांवर भिंत किंवा मैत्रिणीचा हात धरून उभं राहायचं. मान सरळ ठेवून फक्त नजर खाली करून दोरीकडे बघायचं, मग चष्मा काढून बघायचं. दोरी चष्म्यातून जास्त पुसट दिसत असेल, किंवा तिची जागा हललेली वाटत असेल, तर तो चष्मा घालून जिना उतरायचा नाही. ज्यांचे पाय बधिर निघाले आणि चष्माही असाच निघाला, त्यांची नावं गटाच्या वहीत लिहा. डोळ्यांच्या शिबिराला आधी त्यांना न्या.

आणि चष्मेवाल्याकडे गेल्यावर तीन वाक्यं बोलायची. ‘माझ्या पायांना कळत नाही, मी बघून चालते.’ ‘मला चालायला फक्त लांबच्या नंबराचा चष्मा हवा, जवळचा वेगळा द्या.’ आणि बायफोकलच घ्यायचा असेल तर, ‘खालची चकती जेवढी खाली बसवता येईल तेवढी खाली बसवा.’ चकती खाली असली की चालताना ती कमी आड येते. ही तीन वाक्यं पाठ नसतील तर चिठ्ठीवर लिहून न्या, नातवाकडून लिहून घ्या. आम्ही तपासणारे लोक तक्त्यावरची अक्षरं विचारतो, तुम्ही कुठे चालता ते विचारायचं राहून जातं. ते तुम्ही सांगायचं.

तर मैत्रिणींनो, चाळिशी बसल्या कामाला. उठलात की ती नाकावरून गळ्यात. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गटातल्या किती जणींचे पाय तपासून झाले आणि किती उंबऱ्यांना पट्टे ओढले, ते नक्की कळवा. नमस्कार.